शुक्रवारी अकरा ते सोमवारी सात

परवा आमच्या डायलिसिस पेशंटच्या नातेवाईकांच्या वॉट्सॅप ग्रुपवर एका ताईंनी विचारलं, पुतण्याचं लग्न आहे नाशिकला, सोमवारी हळद मंगळवारी लग्न, मिस्टरांचं शुक्रवारी झालंय डायलिसिस, तर सोमवारचं सोडून एकदम बुधवारी केलं तर चालेल ना, तसे ते ठणठणीत आहेत. खाली लगेच तिघाचौघांनी लिहिलं, हो चालतं, आम्ही पण करतो कधीकधी, फक्त पाणी कमी द्या. मला ते वाचून राहवलं नाही. ताईंना फोन केला, बराच वेळ बोललो आम्ही, आणि फोन ठेवल्यावर वाटलं की हे एकदा नीट लिहून काढावं, कारण हा प्रश्न आपल्यापैकी कोणाला ना कोणाला सतत पडतो. लग्न, बारसं, गावची जत्रा, गणपती, धो धो पाऊस, मेगाब्लॉक, महिनाअखेरीला पैसे नाहीत, नाहीतर पेशंटलाच कंटाळा आला. एक डायलिसिस गेलं तर काय होतंय, असं आपण एकमेकांना किती सहज सांगतो.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. माझे बाबा डायलिसिसवर आहेत. बेस्टमध्ये कंडक्टर होते, डायबेटिसने किडन्या गेल्या. आम्ही भांडुपला राहतो आणि मुलुंडला एका ट्रस्टच्या सेंटरला जातो, सोमवार बुधवार शुक्रवार, सकाळची पहिली शिफ्ट, सात ते अकरा. या विषयातलं जे काही मला कळतं ते बाबांच्या नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, प्रश्न विचारून विचारून, सेंटरच्या टेक्निशियन दादांकडून आणि रात्री मोबाईलवर वाचून. त्यामुळे औषध आणि डोस यातलं मी काही सांगणार नाहीये. फक्त एकाच गोष्टीबद्दल लिहितेय, दोन डायलिसिसच्या मधला गॅप.

तर हिशोब बघा. आठवड्याचे तास १६८. चांगली किडनी १६८ तास काम करते, झोपेत पण, प्रवासात पण. बाबांचं रक्त साफ करणारं मशीन चालतं चार तास, आठवड्यातून तीनदा, म्हणजे १२ तास. उरलेले १५६ तास शरीरात जे साठतं ते साठतच राहतं. आता हे १५६ तास सारखे वाटले गेले असते तर वेगळी गोष्ट होती, पण तसं होत नाही कारण आठवड्याला दिवस सात आणि रविवारी सेंटर बंद. सोमवारी अकराला सुटले की बुधवारी सातपर्यंत ४४ तास. बुधवार ते शुक्रवार परत ४४. आणि शुक्रवारी अकरापासून सोमवारी सातपर्यंत ६८ तास. ज्यांचं मंगळ गुरु शनि असतं त्यांचा हाच मोठा गॅप शनिवारपासून मंगळवारपर्यंत पडतो. आपण बोलताना म्हणतो मध्ये दोन दिवस सुट्टी, पण तासात मोजलं तर तो नेहमीच्या गॅपच्या दीडपट आहे, आणि दर आठवड्याला येतो, न चुकता.

आता ताईंचा प्लॅन घ्या. शुक्रवारी अकरा ते बुधवारी सात. ११६ तास होतात ते. जवळजवळ पाच दिवस. मी फोनवर हा आकडा सांगितला तेव्हा त्या एकदम गप्प झाल्या, कारण त्यांच्या डोक्यात ते "एक डायलिसिस स्किप" एवढंच होतं.

सोमवारी सकाळी पावणेसातला कुठल्याही सेंटरच्या वजनकाट्यापाशी उभं राहून बघा एकदा. चपला बाहेर, खिशातला मोबाईल आणि चाव्या काढून बाकावर, मग एकेक जण काट्यावर चढतो आणि सिस्टर वहीत लिहितात. बुधवारी शुक्रवारी जे लोक दीड किलो, दोन किलो वर असतात तेच सोमवारी तीन, साडेतीन, काही जण चार वर असतात. ड्राय वेटच्या वर, म्हणजे शरीरात जादाचं पाणी नसताना जे वजन असायला हवं त्याच्या वर. दोन दिवसात कोणी चार किलो जाडं होत नाही, ते सगळं पाणी असतं. आमच्या शिफ्टला एक काका आहेत, ते सोमवारी येतात तेव्हा त्यांना बोलताना वाक्य पूर्ण करता येत नाही, दोन शब्द बोलून श्वास घेतात. काकू सांगतात की शनिवार ठीक जातो, रविवारी रात्री मात्र आडवंच होता येत नाही, आडवं झालं की धाप लागते, मग खिडकीशी खुर्चीत बसून, छातीशी उशी धरून रात्र काढतात. त्यांच्या नडगीवर अंगठ्याने दाबलं की खड्डा पडतो आणि तो लवकर भरत नाही. बुधवारी याच काकांशी बोललात तर ते क्रिकेटवर तासभर बोलतील.

हे मी डोळ्यांनी बघत होते पण याच्यावर मोठा अभ्यास झालाय हे मला नंतर कळलं. २०११ च्या सप्टेंबरमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या फोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पेपर आला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणारे ३२,०६५ पेशंट, २००४ ते २००७ मधले, सरासरी वय ६२, आणि त्यांच्यावर सरासरी दोन वर्षांहून थोडं जास्त लक्ष ठेवलं होतं. त्यांनी साधी तुलना केली, मोठ्या गॅपनंतरचा दिवस आणि आठवड्यातले बाकीचे दिवस. समजा १०० पेशंटचं वर्ष सगळं बाकीच्या दिवसांसारखंच गेलं तर वर्षाला १८ मृत्यू आणि सगळं त्या एका दिवसासारखं गेलं तर २२.१, असा तो दर होता. हार्टच्या आणि रक्तवाहिन्यांच्या त्रासासाठी ऍडमिट व्हायला लागण्याचा फरक तर अजून मोठा, १९.७ विरुद्ध ४४.२. दुपटीपेक्षा जास्त. हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर, ठोके अनियमित होणं, स्ट्रोक, सगळं त्या दिवशी वाढलेलं.

कोणी म्हणेल सोमवारी तसेही हार्ट अटॅक जास्त येतात, कामाचं टेन्शन वगैरे. त्यावर मला एक जुना अभ्यास फार पटला, १९९९ चा, ब्लायर म्हणून नॉर्थ कॅरोलिनातले डॉक्टर आहेत त्यांचा. त्यांनी डायलिसिस पेशंटचे अचानक झालेले मृत्यू वारानुसार मांडले. मृत्यू सातही दिवसात सारखे वाटले गेले तर प्रत्येक वाराला १४.३ टक्के यायला हवेत. पण सोम बुध शुक्र वाल्यांमध्ये एकट्या सोमवारी २०.८ टक्के निघाले, आणि मंगळ गुरु शनि वाल्यांमध्ये ती वाढ सोमवारी नाही तर मंगळवारी दिसली. आणि जे पोटाचं डायलिसिस करतात, म्हणजे घरी रोज पोटात पाणी भरून बदलतात, ज्यांना गॅपच नसतो, त्यांच्यात असा कुठलाच वार वर आला नाही, सगळे दिवस सारखे. म्हणजे दोष वाराचा नाही, गॅपचाच आहे. याच डॉक्टरांनी २००६ मध्ये अजून खोलात जाऊन तास बघितले तेव्हा त्या मोठ्या गॅपचे शेवटचे १२ तास, म्हणजे सोमवारी पहिल्या शिफ्टला जाणाऱ्यांसाठी रविवारची संध्याकाळ आणि रात्र, हे सगळ्यात वाईट निघाले, अचानक मृत्यूचं प्रमाण तिप्पट. आणि डायलिसिस सुरू झाल्यापासूनचे १२ तास, त्यातही थोडी वाढ, साधारण १.७ पट.

ही दुसरी गोष्ट मला आधी समजेना, डायलिसिस झाल्यावर तर बरं वाटायला पाहिजे ना. डॉक्टरांनी समजावलं ते असं. गॅपमध्ये मुख्य दोन गोष्टी साठतात ज्या हृदयाला मारतात, पोटॅशियम आणि पाणी. पोटॅशियम रक्तात साधारण ३.५ ते ५ च्या मध्ये असायला हवं, हृदयाच्या ठोक्याची वीज त्याच्यावर चालते. ते साडेसहा सातच्या घरात गेलं की ठोका बिघडतो आणि कधीकधी काहीही लक्षण न दाखवता हृदय थांबतं. कधी आधी हातापायातली ताकद गेल्यासारखं वाटतं, जिना चढताना पाय लटपटतात, पण कधी तेही नाही. म्हणून "ते ठणठणीत आहेत" हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते, पोटॅशियम वाढलेला माणूस ठणठणीतच दिसू शकतो. आणि पाण्याचं म्हणाल तर ते आधी पायात, मग फुप्फुसात, आणि ते जादाचं पाणी ढकलून ढकलून हृदयाची भिंत जाड होत जाते, वर्षानुवर्षं.

मग सोमवारी हे सगळं जास्तीचं साठलेलं चारच तासात काढायचं. इथे परत हिशोब आहे. बरेच डॉक्टर तासाला किलोमागे १३ मिलीच्या वर पाणी काढू नये असं म्हणतात, त्याच्या वर गेलं की हृदयावर ताण येतो. ६० किलोच्या माणसाला ते होतं तासाला ७८० मिली, चार तासात तीन लिटरच्या थोडं वर. तो माणूस साडेचार किलो घेऊन आला तर काय करणार? खेचून काढलं तर बीपी पडतं, पायात गोळे येतात, माणूस ओरडतो, घाम फुटतो, सिस्टर धावत येऊन पाय वर करतात. नाही काढलं तर पाणी घेऊनच घरी जातो. पोटॅशियमचं पण तेच, वरून एकदम खाली आलं की तो उतार सुद्धा हृदयाला झेपत नाही. गॅप मोठा झाला की आधी साठण्याचा धोका आणि नंतर भराभर काढण्याचा धोका, दोन्ही वाढतात. ग्रुपवर लोक लिहितात ना, बुधवारी जास्त वेळ लावून घ्या म्हणजे भरून निघेल, ते तसं भरून निघत नाही. ११६ तासांचं साठलेलं तुम्ही पाच तास लावले तरी एका बैठकीत सुरक्षितपणे निघत नाही.

अजून एक अभ्यास सांगते कारण तो थेट स्किप करण्याबद्दलच आहे. डॉप्स नावाचा बऱ्याच देशांमधला मोठा अभ्यास आहे, त्यात महिन्यातून एक किंवा जास्त डायलिसिस चुकवणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका साधारण ३० टक्क्यांनी जास्त दिसला. आता हे मान्य, की जो डायलिसिस चुकवतो तो औषधं पण चुकवत असेल, आधीच जास्त आजारी असेल, एकटा असेल, त्यामुळे सगळाच्या सगळा फरक चुकवण्यामुळेच असं म्हणता येत नाही. तरीपण वारांच्या अभ्यासासोबत हे ठेवून बघितलं तर मला शंका घ्यायला जागा दिसत नाही.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते आठवड्यातून दोनदा वाल्यांचं. आपल्याकडे हे प्रमाण खूप आहे, आणि बहुतेक वेळा कारण मेडिकल नसतं, पैसा असतं. ट्रस्टच्या सेंटरला जागा मिळत नाही, वेटिंग असतं, प्रायव्हेटला रेट कितीतरी पट, सोबत इंजेक्शनं, रिक्षा, आणि सोबत येणाऱ्या माणसाचा बुडलेला रोज. सोमवार गुरुवार करणाऱ्याचा हिशोब काढा, सोमवारी अकरा ते गुरुवारी सात ६८ तास, आणि गुरुवारी अकरा ते सोमवारी सात ९२ तास. म्हणजे अमेरिकेतल्या अभ्यासात ज्या ६८ तासांच्या गॅपने घाबरवलं तो या माणसाचा छोटा गॅप आहे. मी पहिल्यांदा हे कागदावर मांडलं तेव्हा बराच वेळ त्या ९२ कडे बघत बसले होते. हां, एक गोष्ट खरी की ज्यांना अजून चांगली लघवी होते त्यांची स्वतःची किडनी थोडं काम करत असते, रोजच्या रोज थोडं पाणी आणि पोटॅशियम बाहेर टाकत असते, अशा काही पेशंटना डॉक्टर विचार करून दोनदा ठेवतात आणि ते ठीक असतात. पण ते चोवीस तासांची लघवी मोजून, रिपोर्ट बघून ठरवायचं असतं, आणि लघवी कमी होत गेली की तीनदा करावंच लागतं. सुरुवातीला डॉक्टरांनी दोनदा सांगितलं म्हणून तीन वर्षं दोनदाच, असं चाललं असेल तर पुढच्या व्हिजिटला नक्की विचारा. आणि पैशामुळे दोनदा असेल तर महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे, रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमध्ये या योजनेच्या मदतीसाठी बसणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा, महापालिकेच्या हॉस्पिटलमधल्या सोशल वर्करना भेटा. लाजू नका. ते त्यासाठीच बसलेले असतात.

आता त्या ६८ तासात घरी काय करायचं. आमच्याकडे शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ स्वयंपाकघर वेगळ्या नियमाने चालतं. सगळे पाण्याच्या मागे लागतात, पेल्याने मोजून द्या, बर्फ चघळायला द्या, पण खरी गोष्ट मीठ आहे. सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं बघा, म्हणजे एका लिटरला ९ ग्रॅम मीठ, आपल्या शरीरातलं पाणी साधारण तेवढंच खारट असतं. पोटात ९ ग्रॅम जादा मीठ गेलं आणि लघवी होत नसेल, तर ते खारटपण जुळेपर्यंत तहान लागत राहणार, माणूस जवळपास एक लिटर पाणी प्यायल्याशिवाय राहूच शकत नाही, तुम्ही कितीही ओरडा. लोणचं, पापड, फरसाण, चकली, सुकट, वडापावसोबतची ती मिठातली मिरची, शनिवार रविवारचं हे खाणं सोमवारी काट्यावर दिसतं. आईने बाबांची आमटी बिनमिठाची वेगळी काढायला लागल्यापासून त्यांची तहान खरंच कमी झाली, पाण्यावरून होणारी भांडणं पण कमी झाली.

पण म्हणून ते बाजारात मिळणारं लो सोडियम मीठ आणू नका, कृपा करून. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं. बीपीवाल्या माणसासाठी असेल चांगलं, आपल्या पेशंटसाठी नाही. आणि दुसरं शहाळं. मुंबईत आजाऱ्याला बघायला येणारा प्रत्येक माणूस शहाळं घेऊन येतो, मायेने आणतात, मी समजू शकते, आमच्या शेजारच्या मावशी तर सोलून स्ट्रॉ घालूनच आणायच्या. पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि रविवारी दुपारी, आधीच ५० तास झालेले असताना ते देणं म्हणजे नको तिथे अजून भर घालणं. केळं, चिकू, संत्र्याचा ज्यूस, सुकामेवा, टोमॅटोचं सार, या सगळ्याचं तेच. काही खायचंच असेल तर सोमवारी डायलिसिसला जायच्या आदल्या रात्री नाही. बाबांना आंब्याच्या सीझनला एक छोटी फोड मिळते, ती सुद्धा डॉक्टरांना विचारून. भाज्या आणि बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं, त्याने पोटॅशियम बरंच कमी होतं, चव पण जाते हे कबूल, लसूण आणि कोकम लावून आई कसंतरी सावरते. काही पेशंटना डॉक्टर मोठ्या गॅपसाठी पोटॅशियम बांधून ठेवणारी पावडर देतात, ती त्यांनी सांगितली तरच आणि सांगितली तेवढीच.

शिफ्ट बदलताना पण तास मोजा. सेंटरवाले कधीतरी सांगतात, सोमवारी मशीन बंद आहे, सकाळऐवजी संध्याकाळी या. ऐकायला सोपं वाटतं, सोमवारच आहे ना. पण सातचे पाच वाजले की ६८ चे ७८ तास होतात, आणि ते दहा तास नेमके सगळ्यात वाईट भागात वाढतात. कधी नाइलाज असतो, मशीन खरंच बिघडतं, पण आमच्याकडे असं झालं तेव्हा मी विचारलं की मग रविवारी रात्री उशिरा किंवा शनिवारी एक मधलं घालता येईल का, तर शनिवारी दोन तासांचं घालून दिलं त्यांनी. विचारल्याशिवाय कोणी देत नाही.

आणि आता पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिमी पडला, त्या दिवशी अख्खी मुंबई जिथल्या तिथे अडकली, त्यात डायलिसिसचे पेशंट पण होते. २९ ऑगस्ट २०१७ ला ऐन गणपतीत परत तेच, ट्रेन बंद, लोक रुळांवरून चालत. आपल्याला दरवर्षी असे एक दोन दिवस येणार हे माहीत आहे, फक्त तारीख माहीत नसते. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेत सँडी वादळ आलं तेव्हा न्यूयॉर्क, न्यू जर्सीच्या बऱ्याच सेंटर्सनी इशारा आल्यावर पेशंटना आधीच बोलावून डायलिसिस करून टाकलं. जवळजवळ १४ हजार पेशंटचा नंतर अभ्यास झाला, त्यातल्या साधारण ६० टक्क्यांचं असं आधी झालं होतं, आणि ज्यांचं आधी झालं त्यांच्यात वादळानंतर इमर्जन्सीत धावणं कमी, ऍडमिट होणं कमी, आणि पुढच्या महिन्याभरातले मृत्यू पण कमी. किती साधी गोष्ट आहे, नवं औषध नाही, नवं मशीन नाही, फक्त एक दिवस आधी. आपल्याकडे पण हवामान खात्याचा रेड अलर्ट आदल्या दिवशी कळतो, भरतीच्या वेळा तर पेपरात छापून येतात. मग रविवारी रात्री रेड अलर्ट असेल तर शनिवारीच पेशंटना बोलवायला काय हरकत आहे. आम्ही बाबांसाठी आमचं आमचं ठरवलंय, सोमवारच्या पावसाचा इशारा असेल तर आदल्या रात्री मुलुंडला आत्याकडे मुक्काम, तिथून सेंटर चालत दहा मिनिटांवर आहे. आणि अडकलोच तर काय खायचं ते फ्रिजवर लावलंय, पाणी नेहमीच्या निम्मं, फळ नाही, डाळ नाही, भात चालेल, आणि खाली नंबर जवळच्या पण डायलिसिस नसलेल्या हॉस्पिटलचा नाही, डायलिसिसची सोय असलेल्या हॉस्पिटलचाच.

गावाला जाणाऱ्यांसाठी. गणपतीत कोकणात जायचं नाही असं मी कोणालाच सांगणार नाही, बाबांना तर गणपतीला घरी नेलं नाही तर ते जास्त आजारी पडतील. पण तारीख ठरली की आधी तिथलं डायलिसिस बुक करायचं आणि मग ट्रेनचं तिकीट. जिल्ह्याच्या ठिकाणच्या हॉस्पिटलमध्ये विचारा, नाहीतर आपल्या सेंटरच्या टेक्निशियनना विचारा, त्यांच्या ओळखी असतात. सोबत लागतात ते कागद म्हणजे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीचे ताजे रिपोर्ट, मागच्या काही डायलिसिसच्या शीट, ड्राय वेट, कुठलं डायलायझर म्हणजे रक्त गाळणारा फिल्टर, हिपॅरिन म्हणजे रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध किती, आणि डॉक्टरांचं पत्र. रिपोर्ट जुने असतील तर तिथे घेत नाहीत आणि मग ऐनवेळी धावपळ, म्हणून महिनाभर आधी करा. आपल्या त्या ताईंचं पण तसंच झालं, नाशिक काही जंगल नाही, तिथे सेंटर्स आहेत, सोमवारी सकाळी मिस्टरांचं डायलिसिस करून दुपारी हळदीला पोहोचतील असं ठरलंय.

रविवारचं राहिलं. हा तीन वारांचा पॅटर्न काही शरीर बघून ठरलेला नाही. १९६० मध्ये सिएटलला डॉक्टर स्क्रिबनरनी हातात कायमची नळी बसवून पहिल्यांदा पेशंटला महिनोन्‌महिने डायलिसिसवर जगवलं, सुरुवातीला बैठका लांबलचक आणि कमी असायच्या, मग हळूहळू आठवड्यातून तीनदा बसलं, आणि रविवार सुट्टीचा म्हणून तो गॅप कायमचा राहून गेला. दर एका दिवसाआड केलं, म्हणजे पंधरवड्याला सहाऐवजी सात, तर हा ६८ तासांचा गॅपच उरत नाही. २०१० मध्ये उत्तर अमेरिकेत आठवड्यातून सहा वेळा डायलिसिस करून बघायचा ट्रायल झाला त्यात हृदयाच्या भिंतीची जाडी कमी झालेली दिसली, हां, फिस्टुलाचे, म्हणजे सुया टोचायला हातात जोडून केलेल्या रक्तवाहिनीचे प्रॉब्लेम वाढले त्यात, तेही सांगायला हवं. सहा वेळा आपल्याला परवडणारं नाही आणि पेशंटला पण झेपणारं नाही, ते मी मागत पण नाहीये. स्टाफला सुट्टी लागते, टेक्निशियन दादा आठवड्याचे सहा दिवस पहाटे पाचला घर सोडतात हे मला दिसतं. पण रोटेशनने माणसं लावून रविवारी निदान एक शिफ्ट, तीही फक्त जे सोमवारी चार किलो घेऊन येतात, ज्यांचं हृदय आधीच कमजोर आहे, ज्यांचं पोटॅशियम सारखं वर असतं त्यांच्यासाठी, एवढं जमण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं.

आमच्या सेंटरच्या ट्रस्टींना तसं पत्र लिहिलंय, जूनपासून सप्टेंबरपर्यंत तरी रविवारी सकाळची एक शिफ्ट आणि रेड अलर्टला आदल्या दिवशी बोलावण्याची यादी, एवढ्या दोनच मागण्या आहेत. आमच्या शिफ्टच्या बहुतेक नातेवाईकांनी सह्या केल्यात, दुपारच्या शिफ्टच्या बाकी आहेत, त्या बुधवारी घेणार आहे, आणि नेफ्रॉलॉजिस्ट म्हणालेत की कुठल्या पेशंटना रविवारची खरी गरज आहे ती नावं ते स्वतः काढून देतील.